सायरन उगाच वाजतो, डीव्हीआरला हात लावला की मुंग्या येतात: पॅनेल बदलण्याआधी अर्थिंग बघा

मी घरोघरी अलार्म आणि कॅमेरे बसवतो. मार्च-एप्रिल आला की माझा फोन जास्त वाजतो. डिचोली, वाळपई, फोंडा, पेडणे, गोव्यातलं गाव कुठलंही असो, तक्रार ठरलेली: "तो तुमचा अलार्म रात्री दोन वाजता उगाच बोंबलला, शेजारी दारात येऊन उभे." जूनमध्ये चार चांगल्या सरी पडल्या की तेच गिऱ्हाईक स्वतःहून सांगतं, "राहू दे आता, आपोआप बरा झाला." पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. पावसात बरा होणारा आजार पॅनेलमध्ये नसतो, जमिनीत असतो, म्हणजे अर्थिंगमध्ये: गळका करंट मातीत सोडायला खड्ड्यात पुरलेला पाइप आणि त्याला जाणारी तार. हे मला कळायला बरीच पॅनेलं विनाकारण बदलावी लागली, म्हणून हे लिहितोय.

लक्षणं ऋतूप्रमाणे लावून बघा

कोरड्या दिवसांतली लक्षणं अशी. डीव्हीआरच्या (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या पेटीच्या) पत्र्याला किंवा अलार्म पॅनेलच्या डब्याला हाताची मागची बाजू लागली की झिणझिणतं. अॅनालॉग कॅमेऱ्याच्या चित्रात आडवे पट्टे खालून वर सरकतात, आणि विहिरीचा पंप चालू झाला की ते जाड होतात. पंप किंवा फ्रिज बंद होताना एखादा झोन (पॅनेलला जोडलेला सेन्सरांचा एक गट) उगाच ट्रिगर होतो. कॅमेऱ्याचा अॅडॅप्टर वर्षात तिसऱ्यांदा जातो, आणि दुकानदार दर वेळी "माल हलका आहे" म्हणून महागडा गळ्यात मारतो.

पावसाच्या तोंडावरची, म्हणजे मे अखेर आणि पुन्हा ऑक्टोबरच्या गडगडाटातली लक्षणं वेगळी. वीज लांब कुठेतरी पडते, घरातले दिवे नुसते लुकलुकतात, पण गेटवरचा कॅमेरा आणि डीव्हीआरचा नेमका तोच चॅनेल मेलेला असतो. दर वर्षी तोच चॅनेल.

भर पावसात आरसीसीबी (करंट कुठे गळला की लाईट तोडणारा स्विच) पडायला लागला, तर तो तिसरा प्रकार. तिथे बहुतेक वेळा अर्थिंग ठीक असतं. बाहेरच्या जॉइंटमध्ये पाणी शिरलेलं असतं आणि आरसीसीबी आपलं काम करत असतो. त्याला शिव्या देऊ नका आणि कुणाच्या सांगण्यावरून तो बायपास तर मुळीच करू नका.

आठवडाभर एक वही ठेवा. कधी वाजला, तेव्हा पंप चालू होता का, लाईट गेली होती का, इन्व्हर्टरवर होतं का. याला पैसे पडत नाहीत, आणि माझी अर्धी फेरी वाचते.

आधी अर्थिंगचा संशयच फेडून घ्या

मी अर्थिंगवर लिहितोय म्हणून प्रत्येक खोटा अलार्म अर्थिंगचा नसतो. पीआयआर सेन्सरसमोर (उष्णतेवरून हालचाल ओळखणाऱ्या) पाल फिरली, कोळ्याने जाळं विणलं, पडदा वाऱ्याने हलला, तरी सायरन होतो. मातीच्या जुन्या घरांत पाली म्हणजे घरचीच माणसं. सेन्सरचं पुढचं भिंग मऊ कापडाने पुसा, कडेची फट बंद करा.

मग पॅनेलची बॅटरी. बारा व्होल्ट सात एएचची ती काळी डबी तीन-चार वर्षांत थकते. पॅनेल चालू असताना तिच्या टोकांवर साधारण १३.६ ते १३.८ व्होल्ट दिसायला हवेत. मेन बंद करून थोड्या वेळाने मोजल्यावर आकडा भराभर घसरत बाराच्या खाली गेला, तर बॅटरी संपली. लाईट गेल्या-आल्याच्या क्षणी अलार्म वाजत असेल तर पहिला संशय हिच्यावर घ्या.

प्लग आणि एक्स्टेन्शन बोर्ड

आता अर्थिंगकडे. सुरुवात खड्ड्यापासून करायची नाही, सॉकेटपासून करायची. पॅनेल आणि डीव्हीआर ज्या सॉकेटवर आहेत तो तीन पिनांचा आहे का? आहे, तर मधे स्वस्तातला एक्स्टेन्शन बोर्ड आहे का? या बोर्डांत तिसऱ्या भोकात पितळेची पट्टी असते, पण बऱ्याचदा तिला मागून वायरच नसते. भाटकारांच्या (जमीनदारांच्या) जुन्या घरांत तर सॉकेटच दोन पिनांचे, आणि तीन पिनांचा प्लग बसावा म्हणून मधे कन्व्हर्टर.

हे का महत्त्वाचं, ते सांगतो. आजच्या बहुतेक एसएमपीएसमध्ये (यंत्राला वीज पुरवणाऱ्या अॅडॅप्टरसारख्या भागात) गोंगाट गाळण्यासाठी छोटे कपॅसिटर असतात, आणि त्यातून किंचित करंट डब्याकडे झिरपत राहतो. अर्थ जोडलेला असला तर तो मुकाट जमिनीत जातो. अर्थ नसला तर डबा अधांतरी राहतो, आणि मीटरवर मेनच्या निम्म्याच्या आसपास, ११०-१२० व्होल्ट दिसतात. करंट अगदी नगण्य, म्हणून माणूस मरत नाही, नुसत्या मुंग्या येतात. पण आठ कॅमेरे, डीव्हीआर, राउटर आणि मॉनिटर असा सगळ्यांचा मिळून झिरपा एकाच तारेवर जमला की पॅनेलच्या नाजूक झोन-तारांना तो जाणवतो.

सॉकेटमध्ये खोचायचा तीन दिव्यांचा टेस्टर काही शे रुपयांत मिळतो. तो घ्या, पण त्याच्यावर आंधळा विश्वास टाकू नका. अर्थ अजिबात तुटलेला असेल तर तो सांगेल. अर्थ आहे पण मरतुकडा आहे, हे त्याला कळत नाही. अर्थ आणि न्यूट्रल कुणी सॉकेटच्या मागे एकत्र पिळलेत, हेही कळत नाही.

खड्ड्याला पाणी

तुळशीला घरात रोज पाणी घातलं जातं. तिच्यामागे हातभर अंतरावर अर्थिंगचा पाइप असतो, त्याला घर बांधलं त्या दिवसापासून थेंब मिळालेला नसतो. मी हे इतक्या आंगणांत पाहिलंय की आता खड्डा विचारतच नाही, सरळ तुळशीमागे जाऊन बघतो.

गोव्याची जांभ्याची जमीन ही इथली खरी अडचण. ज्या चिऱ्यांनी आपण घरं बांधतो तोच दगड पायाखाली आहे, आणि तो चाळणीसारखा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडूनही सड्यावरचं, म्हणजे खडकाळ पठारावरचं, पाणी भराभर खाली निघून जातं. कोरडा जांभा करंट जवळजवळ घेतच नाही. ओला असला की चांगला घेतो. म्हणून जूनमध्ये आजार बरा, मार्चमध्ये पुन्हा हजर. खाजनाच्या बाजूला, खाऱ्या जमिनीत उलट. तिथे जमीन करंट मस्त घेते, पण जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) पाइप आणि क्लॅम्प मीठ खाऊन टाकतं.

चाचणी साधी आहे. मेन स्विच बंद करा, पायात चप्पल असू द्या, आणि संध्याकाळी पाइपच्या तोंडातून व भोवतीच्या मातीत चार-पाच बादल्या हळूहळू सोडा. मेन बंद करायचं कारण असं की घरात कुठे फेज अर्थला लागलेला असेल तर तो पाइप आणि भोवतीची ओली माती दोन्ही जिवंत असतात. दुसऱ्या दिवशी पट्टे आणि झिणझिण्या कमी झाल्या, तर दुखणं सापडलं. तेवढ्यात नट-बोल्टही बघून घ्या. तांब्याची तार जीआय पाइपला थेट आवळली असेल तर सांध्यावर पांढरी-हिरवी भुकटी जमलेली दिसेल. पाइप कितीही चांगला असला तरी त्या भुकटीपलीकडे काही जात नाही. बोटाने तार हलवून बघायचा मोह होतो. मेन चालू असताना हलवू नका.

चवथीला (गणेश चतुर्थीला) उघडून मग वर्षभर कुलूप असणाऱ्या घरांचं काय? अलार्मची गरज त्यांनाच जास्त, आणि पाणी घालणारं कुणी नाही. राहत्या घरात मी खड्डा माडाच्या आळ्याशेजारी किंवा न्हाणीचं पाणी जातं त्या बाजूला घ्यायला सांगतो. बंद घराला मात्र न्हाणीचा उपयोग नाही. तिथे खड्ड्यात नेहमीच्या मीठ-कोळशाऐवजी बेंटोनाइट नावाची माती भरलेलं, ज्याला सगळे केमिकल अर्थिंग म्हणतात ते, जास्त काळ ओल धरून ठेवतं.

मीटर लावून तीन आकडे

इथून पुढे मल्टिमीटर हाताळायची सवय असेल तरच. नसेल तर वायरमनला बोलवा आणि त्याने घेतलेले आकडे वहीत लिहून ठेवा.

फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास. फेज-अर्थही जवळपास तेवढेच. न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ शंभर-सव्वाशेवर घुटमळत असेल तर अर्थ तुटलेला आहे आणि मीटर तुम्हाला भुताचं व्होल्टेज दाखवतोय. न्यूट्रल-अर्थ अगदी शून्य आला आणि इस्त्री लावल्यावरही शून्यच राहिला, तर खूश होऊ नका. बहुधा कुणीतरी सॉकेटमागे न्यूट्रलच अर्थच्या पिनेला जोडून "अर्थिंग दिलंय". त्या घरात ज्या दिवशी न्यूट्रल तुटेल, त्या दिवशी डीव्हीआर, फ्रिज, वॉशिंग मशीन अशा सगळ्यांच्या पत्र्यावर फेज येईल.

बल्ब लावून अर्थ तपासणारे अजून आहेत. फेज आणि अर्थमध्ये शंभर वॅटचा बल्ब पेटला, म्हणजे अर्थ पास. गणित करून बघा. चालू बल्बचा रोध पाचशे ओहमच्या वर असतो. अर्थचा रोध शंभर ओहम, म्हणजे अगदी टाकाऊ असला, तरी बल्बला १९० व्होल्टच्या आसपास मिळतात आणि तो छान पेटतो. त्याच घरात फेज डब्याला लागला तर अर्थमधून जेमतेम २.३ अँपियर जातील. सोळा अँपियरचा एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा स्विच) तेवढ्यावर जन्मभर पडणार नाही. आणि अर्थ तुटका असेल तर बल्बमार्फत तुम्ही स्वतःच घरातल्या सगळ्या पत्र्यांवर फेज सोडता. बल्बची चाचणी सोडून द्या. तीस मिलिअँपियरचा आरसीसीबी बसवा. अर्थ कमकुवत असतानाही माणूस वाचवणारं घरात तेवढंच एक यंत्र असतं.

कॅमेऱ्याचे पट्टे: दोन जमिनींचं भांडण

अर्थ ठीक आहे, तरी पट्टे आहेत? मग डीव्हीआरच्या मागचे बीएनसी (कॅमेऱ्याच्या केबलचे गोल कनेक्टर) एकेक करून काढा. ज्या कॅमेऱ्याची केबल काढल्यावर बाकीच्यांचे पट्टे गेले, तो चोर. बहुतेक वेळा तो गेटच्या लोखंडी खांबावर किंवा पत्र्याच्या शेडला बोल्टने आवळलेला असतो. खांब जमिनीत, घराचं अर्थिंगही जमिनीत, पण या दोन जमिनींची पातळी सारखी नसते. काढलेल्या बीएनसीची बाहेरची कडी आणि डीव्हीआरचा डबा यांच्यामध्ये एसी व्होल्ट मोजा. एक-दोन व्होल्टही पट्ट्यांना पुरतात, कारण तो फरक केबलच्या जाळीतून धावतो आणि चित्रात शिरतो. वीस-पंचवीसच्या वर दिसले तर हात काढा आणि वायरमनला बोलवा.

उपाय स्वस्त आहे. कॅमेरा आणि खांब यांच्यामध्ये पीव्हीसीचा जंक्शन बॉक्स, बोल्ट प्लास्टिकच्या वॉशरमधून. ते जमत नसेल तर केबलमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर, म्हणजे दोन जमिनींमधला संबंध तोडणारी डबी. अलार्मच्या शील्डवाल्या केबलचंही तेच. जाळी फक्त पॅनेलच्या बाजूला जोडायची, सेन्सरच्या बाजूला कापून टेप मारायची. दोन्हीकडे जोडली की घरभर अँटेना ताणल्यासारखं होतं.

वेगळं अर्थिंग: माझी स्वतःची चूक

सुरुवातीच्या वर्षांत पेडण्याच्या सड्यावर एका घरी मी कॅमेऱ्यांसाठी "स्वच्छ, वेगळं" अर्थिंग केलं. घराचं अर्थिंग मागच्या परसात, माझा रॉड पुढे गेटजवळ, दोन्हींत संबंध नाही. मला वाटलं, पंपाचा गोंगाट इकडे येणार नाही. आलाही नाही. मे अखेरीस जवळच्याच टेकाडावर वीज पडली आणि डीव्हीआर, राउटर, टीव्ही, तिन्ही एका क्षणात गेले. घरमालक आजोबा शांतपणे म्हणाले, "तुझं यंत्र नव्हतं तेव्हा टीव्ही कधी जळला नव्हता रे." उत्तर नव्हतं.

झालं असं की वीज पडली तेव्हा जमिनीतून धावलेल्या करंटमुळे गेटजवळची आणि परसातली जमीन क्षणभर हजारो व्होल्टांनी वेगळी झाली. त्या दोन जमिनींना जोडणारा रस्ता एकच होता: माझा रॉड, केबलची जाळी, डीव्हीआर, घराचा अर्थ. सगळा फरक त्या बिचाऱ्या डीव्हीआरमधून गेला. दोन्ही पाइप जाड तारेने एकमेकांना जोडलेले असते तर बराचसा करंट त्या तारेने गेला असता.

तेव्हापासून नियम एकच: घरात खड्डे चार असोत, अर्थ एकच. दुसरा खड्डा मारायला हरकत नाही, पण तो पहिल्याला जोडलाच पाहिजे. पॅनेल, डीव्हीआर, राउटर हे सगळे एकाच बारला (अर्थच्या तारा जोडायच्या पट्टीला), प्रत्येकाची हिरवी तार वेगळी, एकाच्या डब्यातून दुसऱ्याच्या डब्यात उड्या मारत नेलेली नाही. आणि ती तार जितकी आखूड तितकी बरी. विजेचा झटका इतका झटकन येतो की दहा मीटर लांब तार त्या क्षणाला तार राहतच नाही, अडथळा होते. डीबीतल्या (एमसीबींच्या पेटीतल्या) सर्ज प्रोटेक्टरचंही, म्हणजे झटका जमिनीत वळवणाऱ्या यंत्राचंही, तसंच. त्याच्या तारा अर्ध्या मीटरच्या आत नसल्या तर तो शोभेचा, आणि खाली अर्थच नसला तर झटका टाकायला त्याला जागा नाही. त्याच्या खिडकीतला हिरवा रंग लाल झाला की कार्ट्रिज बदला. पहिल्या पावसाच्या गडगडाटानंतर एकदा बघायची सवय लावा.

परदेशी पॅनेलच्या माहितीपत्रकात अर्थची तार पाण्याच्या धातूच्या नळाला जोडा असं सापडतं. तिकडे नळ लोखंडी-तांब्याचे आणि जमिनीत गाडलेले, तेव्हा ते चाललं. आपल्याकडे पीव्हीसी. शेवटी जोडली जाते ती न्हाणीतल्या पितळी तोटीला, म्हणजे आंघोळ करणाऱ्याला. खिडकीच्या गजालाही नाही, टाकीच्या स्टँडलाही नाही. पॅनेलचा बारा व्होल्टचा निगेटिव्हही मनाने अर्थला लावू नका. माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलं असेल तरच.

गेट लांब असेल, आणि मधे कुळागर (पोफळीची बाग) असेल, तर तांब्याची केबल सोडून ऑप्टिकल फायबर टाका. काचेतून वीज येत नाही. खर्च थोडा जास्त, पण दर मे महिन्याला चॅनेल जाळण्यापेक्षा कमी.

इथे थांबा

एका खोलीतले दिवे प्रखर आणि दुसरीतले मंद होत असतील, किंवा न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज लोडप्रमाणे दहा-वीसवर नाचत असेल, तर न्यूट्रल सैल आहे. मेन बंद करा आणि १९१२ ला फोन लावा. खांबापासून मीटरपर्यंतचं काम वीज खात्याचं, तिथे खासगी वायरमननेही हात घालू नये.

नळाच्या पाण्यातून किंवा ओल्या भिंतीतून झटका बसतोय, सगळे एमसीबी खाली असतानाही आरसीसीबी पडतोय, सॉकेटला जळका वास आहे, वायरिंग लाकडी पट्टीवरचं कापडी वेष्टणाचं आहे: यातलं काहीही असेल तर परवानाधारक कंत्राटदार. ढग गडगडत असताना अर्थच्या तारेला, पाइपला, कॅमेऱ्याच्या केबलला कुणीही हात लावायचा नाही. मीसुद्धा लावत नाही, गिऱ्हाईक कितीही घाई करो.

नवा खड्डाही स्वतः खणू नका. कंत्राटदाराशी बोलताना मात्र काही गोष्टी माहीत असू द्या. अर्थिंगची भारतीय नियमावली म्हणजे आयएस ३०४३. पाइप अडीच मीटर तरी लांब हवा, घराच्या भिंतीपासून दीड मीटर दूर, आणि दोन पाइप असतील तर त्यांच्यात पाइपच्या दुप्पट लांबीचं अंतर. जवळजवळ पुरले तर दोघांनी एकच माती वाटून घेतल्यासारखं होतं. सड्यावर एका पाइपने भागत नाही, हे आधीच धरून चाला. काम झाल्यावर त्याने अर्थ टेस्टरने, जमिनीत दोन खुंट्या ठोकून मोजायला हवं. मल्टिमीटरने अर्थचा रोध मोजता येत नाही. इलेक्ट्रॉनिक्सच्या घरात मी पाच ओहमच्या आत आल्याशिवाय काम संपलं असं म्हणत नाही.

आणि मोजणी ऑगस्टमध्ये करून घेऊ नका. तेव्हा नुसता खिळा ठोकला तरी आकडा छान येतो. काम पावसात झालं असेल तर पैशाचा शेवटचा हप्ता मेपर्यंत ठेवा, मे महिन्यात पुन्हा मोजायला लावा, आणि तो आकडा तारखेसकट डीबीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून घ्या.